सीएसव्ही नकाशावर नीट येत नाही, तेव्हा

विहिरींच्या पाणीपातळ्या, गावांच्या याद्या, सर्वेक्षणाच्या नोंदी सीएसव्ही फाइलींतून (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेले साधे तक्ते) क्यूजीआयएस या नकाशे बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये आणणं हे माझं रोजचं काम. नोंदी विंडोजवर टाइप झालेल्या असतात, मी लिनक्सवर काम करते आणि नकाशाची अंतिम मांडणी मॅकवर होते. नव्याने येणारी मुलं-मुली हमखास इथेच अडतात आणि क्यूजीआयएस काढून पुन्हा टाकत बसतात. त्यात वेळ जातो, फाइल मात्र होती तशीच राहते.

म्हणून सीएसव्ही हातात आली की ती आधी नोटपॅड++सारख्या साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा, एक्सेलमध्ये नको. 2011 च्या जनगणनेतले तालुक्यांचे कोड पाच अंकी आहेत आणि शून्याने सुरू होतात. एक्सेल त्यांना संख्या समजतं. फाइल सेव्ह केली की पुढचं शून्य गेलं, आणि तालुक्यांच्या नकाशाशी जॉइन केल्यावर (कोड जुळवून जोडल्यावर) सगळे रकाने रिकामे. क्यूजीआयएसमध्ये आणतानाही कोडचा रकाना टेक्स्ट म्हणूनच येतोय ना, हे बघा. त्याच नावाची सीएसव्हीटी फाइल शेजारी ठेवून तिच्यात रकान्यांचे प्रकार लिहून ठेवले तर ही काळजी कायमची मिटते.

मराठी नावं बिघडलेली दिसली तर कशी बिघडलीत ते नीट पाहा. डोक्यावर खुणा असलेली लॅटिन अक्षरं दिसत असतील तर फाइल शाबूत आहे. इम्पोर्टच्या खिडकीत एनकोडिंग (अक्षरं साठवण्याची पद्धत) यूटीएफ-8 निवडा, नावं जागेवर येतील. नुसती प्रश्नचिन्हं दिसत असतील आणि टेक्स्ट एडिटरमध्येही तीच असतील, तर अक्षरं सेव्ह करतानाच गेली. ती कुठल्याही सेटिंगने परत येत नाहीत. मूळ एक्सेल फाइल मागवा आणि 'सीएसव्ही यूटीएफ-8' हा पर्याय निवडून सेव्ह करायला सांगा. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधली यादी असेल तर ती आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावी लागते.

सगळ्यात चिवट प्रश्न मात्र नावं अगदी बरोबर दिसत असताना येतो. खडकवासल्याजवळचं गोऱ्हे बुद्रुक घ्या. दोन्ही तक्त्यांत नाव तंतोतंत सारखं दिसतं, तरी जॉइन होत नाही. कारण 'ऱ्ह' दोन तऱ्हांनी टाइप होतो: एका कीबोर्डवर 'ऱ' हे वेगळं अक्षर वापरून, दुसऱ्यावर साधा 'र', हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह वापरून. फील्ड कॅल्क्युलेटरमध्ये लेंग्थ फंक्शन लावा. 'गोऱ्हे'ची लांबी एकीकडे 6 येते, दुसरीकडे 7. रिप्लेस फंक्शनने एका पद्धतीचं दुसऱ्या पद्धतीत रूपांतर केलं की जॉइन होतो. कुऱ्हाड, वऱ्हाड, पऱ्हे, जिथे जिथे हा र येतो तिथे हे तपासा. माझं स्पष्ट मत आहे की गावांचा जॉइन शक्यतो नावावर करूच नये, कोडवर करावा.

बिंदू भलतीकडे पडले तर ते कुठे पडलेत यावरूनच कारण कळतं. पुणे 18.52 उत्तर, 73.86 पूर्व. एक्स (रेखांश) आणि वाय (अक्षांश) यांची अदलाबदल झाली तर पुण्याची विहीर नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात दिसते. आफ्रिकेच्या पश्चिमेला, गिनीच्या आखातात बिंदूंचा ढीग दिसला, तर अक्षांश-रेखांशांच्या जागी शून्य भरलंय. सगळं बरेच किलोमीटर सरकलेलं दिसलं तर 18 अंश 31 मिनिटं 12 सेकंद कुणीतरी 18.3112 असं लिहिलं असेल. खरा आकडा 18.52 आहे. यूटीएममधली (अंशांऐवजी मीटरमध्ये स्थान सांगणाऱ्या पद्धतीतली) माहिती असेल तर झोन, म्हणजे त्या पद्धतीतला पट्टा, विचारा. 78 अंश रेखांशावर महाराष्ट्राचे दोन भाग होतात: पुणे, अमरावती 43 मध्ये, वर्धा, नागपूर 44 मध्ये.

ओळीच्या शेवटाचा विंडोज-लिनक्स फरक क्यूजीआयएस सांभाळून घेतं. पण लिनक्सवर स्वतःची स्क्रिप्ट चालवणार असाल तर शेवटच्या रकान्याला एक अदृश्य चिन्ह चिकटून येतं. डॉस-टू-युनिक्स ही कमांड ते काढते. पहिल्याच रकान्याचं नाव सापडत नसेल तर फाइलच्या सुरुवातीला बीओएम, म्हणजे एनकोडिंग सांगणारं अदृश्य चिन्ह, आहे का ते बघा. शिवाय विंडोजला गावे.सीएसव्हीचं इंग्रजी स्पेलिंग लहान अक्षरात असो वा मोठ्या, सारखंच. लिनक्सला त्या दोन वेगळ्या फाइली.

काम झाल्यावर पुढे पाठवताना शेपफाइल हा नकाशांचा जुना फाइलप्रकार टाळा. तिच्यात रकान्याच्या नावाला दहा बाइट मिळतात आणि यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, त्यामुळे 'लोकसंख्या'मधलं जेमतेम 'लोक' उरतं. जिओपॅकेज या नव्या फाइलप्रकारात सेव्ह केलं तर पूर्ण नाव तिन्ही सिस्टिमवर तसंच उघडतं.