बंबाची जाळी वाकली तर

दिवाळी सरली की नाशकात माळ्यावरचे पाणी तापवायचे तांब्याचे बंब खाली येतात, आणि पहिल्याच पेटवणीत निखारे सरपणाखालच्या जाळीतून खाली गळायला लागतात.

नवी जाळी आणण्याआधी जुनीकडे नीट बघा. मधोमध खोलगट झाली असेल तर दोष राखेचा. खालून येणारी हवा सरपण पेटतं ठेवते आणि सळ्यांना गारही ठेवते. राख साचून जाळीला टेकली की ही हवा अडते, सळ्या लाल होतात आणि निखाऱ्यांच्या वजनाने वाकतात. द्राक्षाच्या छाटणीच्या काड्या जाळणाऱ्यांनी रोज राख काढावीच. काड्यांसोबत आलेल्या तारा आणि प्लास्टिकच्या दोऱ्याही आधी वेचाव्यात, त्या सळ्यांमधल्या फटी बुजवतात. पापुद्रे सुटून सळ्या बारीक झाल्या असतील तर ती नेहमीची झीज. बीडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, जाळी तडकली असेल, तर तापलेल्या जाळीवर कुणीतरी गार पाणी ओतल्याचा संशय घ्यायला हरकत नाही.

थोडी वाकलेली लोखंडी जाळी उलटी ठेवून हिवाळा निघतो. सळी निम्मी झिजली असेल तर मात्र बदला. तडकलेल्या बीडावर साधा वेल्डिंग रॉड मारू नका, जोडाशेजारीच पुन्हा चीर जाते.

माप थंड बंबात घ्या. जिच्यात विस्तव असतो त्या मधल्या नळीचा तळाचा आतला व्यास दोन-तीन दिशांनी मोजा. जुन्या बंबांना पोचे असतात, म्हणून सर्वांत लहान आकडा धरा आणि त्यातून ६ मिमी वजा करा. १५० मिमीची लोखंडी जाळी ६०० अंश तापली की साधारण १ मिमी वाढते. उरलेली फट राखेसाठी आणि काढता-घालता यावी म्हणून. घट्ट बसवलेली जाळी तांब्याला रेटते.

नळी १५० मिमीची असेल तर जाळी १४४ मिमीची. १० मिमी चौकोनी सळी सव्वा मीटर घ्या, म्हणजे जेमतेम किलोभर. जस्ताचा मुलामा असलेली नको, तापल्यावर तिचा धूर घातक. ४२ सेंमी तुकड्याची गोल कडी वळवून जोडा. तिच्यावर सहा आडव्या सळ्या: मधल्या दोन १४० मिमी, त्यांच्या शेजारच्या १२५, कडेच्या ९०. दोन सळ्यांमध्ये साडेदहा मिमी फट. फट वाढली तर निखारे पडतात, कमी झाली तर राख अडते.

फॅब्रिकेशनवाल्याला एक गोष्ट बजावून सांगा: प्रत्येक सळीचं एकच टोक वेल्ड करायचं, दुसरं कडीवर नुसतं टेकवायचं. तो दोन्ही टोकं मारायला जाईलच. दोन्हीकडून जखडलेल्या सळीला वाढायला जागा उरत नाही, मग ती वाकते.

जाळी ज्यांवर बसते ते बंबातले टेकू झिजले असतील तर तांब्यावर वेल्डिंग नको. कडीलाच त्याच सळीचे ६ सेंमीचे तीन पाय लावा. त्यासाठी आणखी २० सेंमी सळी लागेल. नळीच गळत असेल तर ते काम तांबटाचं. जुन्या नाशकात तांबट लेन आहे.

बसवताना सळ्यांची दिशा राखेच्या दाराकडे ठेवा, म्हणजे लोखंडी आकडीने राख सरळ ओढता येते. मग आधी पाणी भरा, तोटीतून धार येते का बघा, आणि नंतरच काडी लावा. आतली कल्हई कथलाची असते आणि कथील २३२ अंशांना वितळतं. रिकामा बंब पेटवला तर जाळी नवी राहील, कल्हई मात्र जाईल.