फॅमिली ग्रुपवर अपघाताचे फोटो येतात तेव्हा

सोलापूर पुणे-हैदराबाद हायवेवर. रात्री कुठं अपघात झाला की जखमी माणूस आमच्या कॅज्युअल्टीत पोचायच्या आधी त्याचे फोटो गावभर फिरलेले असतात. मी तिथं नर्स आहे. आपल्या माणसाचं काय झालं हे फॉरवर्ड आलेल्या फोटोवरून कळलेले नातेवाईक मी पाहिलेत, म्हणून हे कळकळीनं लिहितेय.

आधी स्वतःचा फोन नीट करा. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये ‘स्टोरेज अँड डेटा’ उघडा आणि ऑटो-डाउनलोडमध्ये मोबाइल डेटा, वाय-फाय, रोमिंग तिन्हीकडं फोटो-व्हिडिओवरची खूण काढा. मग फोटो धूसर येतो, बोट लावल्याशिवाय उघडत नाही. अँड्रॉइड फोनवर ग्रुपच्या माहितीत ‘मीडिया व्हिजिबिलिटी’ बंद केली की गॅलरीतही साठत नाही. पोरं अभ्यासाला आपलाच फोन घेतात, त्यामुळे हे आजच करा.

खरं काम पाठवणाऱ्याशी बोलण्याचं. पाठवणारे मामा, आत्या, काका असतात आणि बहुतेकदा काळजीनंच पाठवतात; घरातलं पोरगं सेकंड शिफ्ट करून एमआयडीसीतून रात्री गाडीवर येत असतं. ग्रुपवर टोकू नका. चारचौघांत भाचीनं बोललेलं मामांना लागतं, मग फोटो राहतो बाजूला आणि रुसवेफुगवे सुरू होतात. जेवणं झाल्यावर निवांत फोन करा. मी मामांना म्हणाले, “मामा, तुम्ही काळजीपोटी टाकलात, कळतंय मला. पण त्या पोराची आई पण कुठल्यातरी ग्रुपवर असेल की ओ. तेवढा काढून टाका. त्यापेक्षा हेल्मेट घाला म्हणून तुमच्या आवाजात सांगा, पोरं ऐकतील तुमचं.” मामांनी काढला. वडीलधाऱ्यांना नुसतं ‘नको’ म्हणण्यापेक्षा दुसरं काहीतरी करायला दिलेलं बरं पडतं. ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ साधारण दोन दिवसच चालतं, म्हणून फोन लगेच करा. ते नाहीच ऐकले तर ग्रुपची ॲडमिन असलेल्या वहिनीला सांगा. ॲडमिनला दुसऱ्याचा मेसेजही काढता येतो.

काही फोटोंच्या बाबतीत मात्र नात्याची भीड धरू नका. बलात्कार झालेल्या बाईची ओळख उघड करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. लहान मुलांचं अश्लील काही आलं तर पुरावा म्हणूनसुद्धा पुढं पाठवू नका. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नाव न देताही तक्रार करता येते.

आणि फोटो पाहिला गेलाच तर? २००९ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी काही जणांना भयंकर दृश्यांची फिल्म दाखवली आणि अर्ध्या तासानं त्यातल्या काहींना टेट्रिस, म्हणजे वरून पडणारे ठोकळे जुळवायचा गेम, खेळायला दिलं. खेळलेल्यांना पुढच्या आठवड्यात ती दृश्यं कमी वेळा आठवली. म्हणून पाहिल्यावर लगेच डोळे आणि हात गुंतवणारा असा खेळ खेळून बघा. लेकरानं पाहिलं असेल तर ‘विसर ते’ म्हणू नका. जवळ घ्या, काय दिसलं ते विचारा, त्याला हवं तेवढं बोलू द्या. झोप उडाली, जेवण तुटलं आणि काही दिवसांत सावरलं नाही, तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन लावा. फोन फुकट आहे, रात्री-अपरात्री लागतो, आणि मराठीत बोलता येतं.