जुनी गाडी मधूनच बंद पडते? पार्ट बदलण्याआधी या चुका टाळा

गाडी चालता चालता बंद पडते, पंधरा-वीस मिनिटं थांबलं की पहिल्याच सेल्फला चालू होते, आणि मेकॅनिककडे नेली की दिवसभर एकदाही त्रास देत नाही. मालक वैतागतो, मेकॅनिक अंदाजाने एकेक पार्ट बदलत जातो. पेट्रोल गाडीतला हा दोष सापडतो. फक्त तो हजर असतो तेवढ्या दोन-चार मिनिटांत त्याला पकडावं लागतं.

नेमकी तिथेच पहिली चूक होते. बंद पडली की आपण सेल्फवर सेल्फ मारतो आणि चालू झाली की सुटलो म्हणून निघतो. पुरावा तिथेच संपतो.

धावती गाडी बंद पडली तर आधी जीव सांभाळा. स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकला बूस्टरची (पेडल हलकं करणाऱ्या भागाची) मदत एक-दोन वेळा दाबण्यापुरतीच उरते. म्हणून ब्रेक पंप करू नका, एकदाच नीट दाबून धरा. गाडी थांबेपर्यंत चावी काढू नका, स्टिअरिंग लॉक होईल. बाजूला घेऊन हॅझर्ड लावले की मग तपासणी.

आठवा, बंद पडताना आरपीएमचा काटा कसा पडला? गाडी गिअरमध्ये आहे, चाकं इंजिनाला फिरवतायत आणि तरी काटा एकदम शून्यावर आला, तर संशय क्रँक सेन्सरवर (इंजिन फिरतंय हे गाडीच्या कॉम्प्युटरला कळवणारा सेन्सर) किंवा इग्निशनच्या, म्हणजे ठिणगीच्या, सप्लायवर. आधी धक्के खाल्ले, पिकअप गेला आणि मग बंद पडली, तर बहुधा पेट्रोल पोचत नाही. आता चावी ऑन करून मागे टाकीकडे कान द्या. बऱ्याच गाड्यांत पेट्रोलचा पंप दोनेक सेकंद गुणगुणतो. आवाज नसेल तर आधी फ्यूज, रिले (पंपाला करंट देणारा विजेचा स्विच) आणि वायरिंग तपासा, मग पंप. आवाज आला म्हणजे प्रेशर आहेच असं नाही, ते गेज लावूनच कळतं.

क्रँक सेन्सर थंड असताना मोजून ‘ठीक आहे’ म्हणणं ही फार महागात पडणारी चूक. आतली वायर गरम झाली की तुटते, थंड झाली की पुन्हा जुळते. दोन वायरींचा सेन्सर असेल तर गाडी बंद पडल्या पडल्या मल्टीमीटरने त्याचा रेझिस्टन्स मोजा. तीन वायरींचा असेल तर तो बहुतेक हॉल सेन्सर, म्हणजे आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असलेला, असतो. त्याचा रेझिस्टन्स मोजून काही कळत नाही, सिग्नलच बघावा लागतो.

स्कॅनरवर कोड (गाडीच्या कॉम्प्युटरने ठेवलेली दोषाची नोंद) नाही म्हणजे दोष नाही, असंही नसतं. असे कितीतरी दोष कोड न ठेवताच निघून जातात. आणि कोड असेल तर तो वाचण्याआधी बॅटरी काढू नका, बऱ्याच गाड्यांत नोंद पुसली जाते.

जुन्या गाडीत माझा पहिला संशय वायरिंगवरच असतो. माझ्या एका गाडीचा पंप बदलला, फिल्टर बदलला, तरी ती उन्हात बंद पडायचीच. शेवटी पंपाच्या रिलेचं झाकण उघडलं. भिंग धरल्यावर एका पिनेभोवती सोल्डरमध्ये केसाएवढं गोल काळं कडं दिसलं. तापलं की तिथला संपर्क सुटत होता. नवीन रिले बसवला आणि त्रास थांबला.

अर्थिंगही बघाच. इंजिन चालू, हेडलाइट लावलेले. मल्टीमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला, दुसरी इंजिन ब्लॉकच्या स्वच्छ धातूला. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थची पट्टी किंवा तिचा नटबोल्ट साफ करायला झालाय. इंजिन आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता) ठेवून कनेक्टर आणि इग्निशनची चावी हलकेच हलवून बघा. मात्र प्लगच्या वायरी चालू इंजिनात उपसू नका, हजारो व्होल्ट असतात.

फक्त सिग्नलला थांबताना बंद पडत असेल तर आधी थ्रॉटल बॉडीचा (इंजिनात हवा सोडणाऱ्या भागाचा) कार्बन, आयडल व्हॉल्व्ह आणि चिरलेले व्हॅक्यूम पाइप बघा. टाकीचं झाकण सैल केल्यावर हवा आत ओढल्याचा आवाज येऊन गाडी चालू झाली, तर टाकीचा व्हेंट (हवा आत येण्याची वाट) तुंबलाय.

दुरुस्तीनंतरची चाचणी थंड गाडीवर, पाच मिनिटांच्या फेरीत उरकू नका. ती ज्या वेळी, जेवढी तापल्यावर आणि टाकीत जेवढं पेट्रोल असताना बंद पडायची, त्याच स्थितीत नेऊन चालवा.