कँपरव्हॅनने पश्चिम युरोप: आखणी रात्रीपासून सुरू करा

कँपरव्हॅनच्या सहलीची आखणी करताना बहुतेक जण नकाशावर बघायची ठिकाणं टिपतात आणि ती रेघेने जोडतात. मी आधी रात्रीचा मुक्काम ठरवते. गाडी कुठे उभी करायची, तिथे पाणी भरता येईल का, शौचालयाची कॅसेट (मैला जमणारी, ओढून काढायची पेटी) रिकामी करता येईल का, आणि दुपारी चारपर्यंत पोचायचं तर सकाळी कधी निघायचं, एवढं ठरलं की दिवस ठरला. वाटेत जे बसेल ते बघायचं, बसत नसेल ते सोडायचं. जुलै-ऑगस्टमध्ये तर याला पर्यायच नाही, कारण समुद्राजवळच्या आणि तळ्याकाठच्या चांगल्या जागा संध्याकाळपर्यंत शिल्लक राहत नाहीत. आमच्यात गाडी मी चालवते, नवरा रस्ता सांगतो आणि मुलगी मुक्कामाची जागा शोधते.

सगळ्यांत आधी दिवस मोजा. शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांत, कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, आणि आल्याचा नि निघाल्याचा दिवसही त्यात धरतात. १ जूनला उतरलात तर २९ ऑगस्ट हा नव्वदावा दिवस. व्हिसावर त्याहून कमी दिवस लिहिले असतील तर तेच खरे. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नसलं तरी शेंगेनमध्ये आहे, त्यामुळे तिथले दिवसही मोजले जातात. ब्रिटन आणि आयर्लंड बाहेर आहेत, त्यांचे व्हिसा वेगळे. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा जो विमा काढावा लागतो तो आजारपण आणि अपघाती उपचारांसाठी असतो. गाडीचा विमा वेगळा, तो भाड्याच्या करारात वाचायचा.

दिशा महिन्यानुसार ठरवा. माझं मत ठाम आहे: दक्षिण जूनमध्ये, अटलांटिक किनारा जुलैत, डोंगर ऑगस्टमध्ये. दक्षिण स्पेनमधल्या सेव्हिल आणि कोर्दोबा भागात भर उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, आणि गाडीचा पत्रा रात्री उशिरापर्यंत निवत नाही. फ्रान्समधलं ब्रिटनी, उत्तर स्पेनमधले आस्तुरियास, गॅलिशिया इथे त्याच दिवसांत हवा सुसह्य असते. उजेडही तिकडेच जास्त. जूनअखेरीस ब्रिटनीतल्या ब्रेस्टला सूर्य रात्री दहानंतर मावळतो, त्यामुळे चारला पोचूनही अख्खी संध्याकाळ हाताशी राहते. ब्रिटनीपासून किनाऱ्याने खाली उतरत, आर्काशाँजवळची शंभर मीटरच्या आसपास उंचीची पिलाची वाळूची टेकडी, मग सान सेबास्तियन, मग पिकोस दे एउरोपाचे डोंगर आणि शेवटी गॅलिशियाच्या खाड्या, हा रस्ता मला सगळ्यांत आवडतो. प्रोव्हान्सला जाणार असाल तर वणव्याचा धोका असलेल्या दिवशी तिथले डोंगर आणि मार्सेयजवळची कलांक (समुद्राकाठचे कडे आणि खाड्या) बंद ठेवतात, हे धरून चाला आणि आदल्या संध्याकाळी तपासा.

गाडी निवडताना पलंगाआधी बाहेरची मापं बघा. फोक्सवॅगन कॅलिफोर्नियासारखी उघडत्या छताची गाडी छत मिटवल्यावर जेमतेम दोन मीटर उंच असते. फियाट डुकाटोवर बांधलेल्या व्हॅन साधारण २.६ मीटर उंच, २.०५ मीटर रुंद आणि ५.४, ६ किंवा ६.३६ मीटर लांब येतात. आरसे धरले तर रुंदी आणखी वाढते. तिघांना सहा मीटरची पुरते. त्याहून लांब गाडी जुन्या गावांच्या गल्ल्यांत वळवताना जीव मेटाकुटीला येतो. समुद्राकाठच्या कितीतरी पार्किंगच्या तोंडाशी दोन मीटरवर आडवा दांडा असतो. गाडीची उंची कागदावर लिहून स्टिअरिंगशेजारी चिकटवा, कारण छताला झालेलं नुकसान भाड्याच्या विम्यात बरेचदा धरत नाहीत. साध्या मोटारीच्या परवान्यावर एकूण साडेतीन टनांपर्यंतच चालवता येतं, आणि या वजनात माणसं, सायकली, पाणी सगळं आलं. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. मोठ्या प्रवासाला मी टाकी अर्धीच भरते. सोबत आंतरराष्ट्रीय परवाना आणि मूळ परवाना दोन्ही ठेवा.

दिवसाला दोनशे किलोमीटर पुरे. मोटरवेवर हे अंतर दोन-अडीच तासांचं वाटतं, पण डोंगरात आणि गावांतून त्याला सहज पाच तास लागतात. फ्रान्समध्ये दोन पदरी रस्त्यावर बहुतेक ठिकाणी ताशी ८० ची मर्यादा आहे. मोटरवेवर १३० आणि पावसात ११०. जुलैअखेरच्या शनिवारी मात्र फ्रान्समध्ये गाडी हलवूच नका. जुलैत सुट्टी घेणारे परततात, ऑगस्टवाले निघतात, आणि लियोंपासून दक्षिणेकडे जाणारा रस्ता तुंबतो. बिझाँ फ्युते ही सरकारी सेवा गर्दीच्या अंदाजाप्रमाणे प्रत्येक दिवसाला हिरवा, नारिंगी, लाल किंवा काळा रंग देते. काळ्या दिवशी कपडे धुवा, पुस्तक वाचा. घाट उतरताना चढताना लागला असता तोच खालचा गिअर ठेवा. फ्रान्समधला तूरमाले घाट २११५ मीटरवर आहे, गालिबिए २६४२ वर, आणि नुसत्या ब्रेकवर तिथून भरलेली व्हॅन उतरवली तर ब्रेक तापून निकामी होऊ शकतात.

आता मुक्काम. इथे जितका वेळ घालवाल तितका थोडा. फ्रान्समध्ये कँपरव्हॅनला रात्री उभं राहण्यासाठी 'एअर' नावाच्या जागा गावोगाव आहेत, जर्मनीत 'श्टेलप्लात्स', इटलीत 'आरिया दि सोस्ता'. नगरपालिका, शेतकरी किंवा खासगी मालक त्या चालवतात. काही फुकट, काहींना रात्रीचे थोडे युरो. तिथे गाडीत झोपायचं असतं, खुर्च्या मांडून संसार थाटायचा नसतो. त्याच्या वर फ्रान्समधलं म्युनिसिपल कँपिंग: छोट्या गावाचं, नदीकाठी, साधं आणि स्वच्छ, गरम पाण्याची न्हाणीघरं असलेलं. आम्ही दोन-तीन रात्री एअरवर आणि एक रात्र कँपिंगवर अशी घडी बसवली आहे, म्हणजे कपडे आणि अंघोळी दोन्ही सांभाळल्या जातात. समुद्रकिनाऱ्यावरची मोठी कँपिंगं ऑगस्टसाठी आधीच आरक्षित करा. सवलतीची कँपिंग कार्डं भर हंगामात सहसा चालत नाहीत, तेव्हा केवळ उन्हाळ्यासाठी ती विकत घेऊ नका.

फ्रान्स पासियाँ या योजनेचं वर्षाचं सदस्यत्व मात्र जरूर घ्या. द्राक्षमळेवाले, चीज करणारे, फळबागायतदार आपल्या आवारात एक रात्र फुकट उभं राहू देतात. विकत घेण्याची सक्ती नाही, पण गाडीत शौचालय आणि सांडपाण्याची टाकी हवीच. पोचल्यावर आधी घरमालकाला जाऊन भेटायचं, निघताना निरोप घ्यायचा. फ्रान्समधल्या अल्सासमध्ये एका मळ्यात आम्ही थांबलो, तेव्हा मालकीणबाईंनी ओळींमधून फिरवून कुठला उतार कोणत्या द्राक्षाला दिला आहे ते माझ्या मुलीला दाखवलं. तिचं शाळेतलं फ्रेंच त्या तासाभरात जेवढं सुधारलं तेवढं एरवी सुधारलं नसतं. जर्मनीत असंच सुख मोझेल नदीकाठी मिळतं. ट्रियरपासून कोखेमपर्यंत पाण्याला लागून श्टेलप्लात्स आहेत. समोरून मालवाहू बोटी जातात आणि मागे उभ्या चढणीवर द्राक्षं असतात.

रस्त्याकडेला कुठेही झोपता येईल असं समजू नका. जर्मनीत चालकाचा थकवा जाण्यापुरती एक रात्र साध्या पार्किंगमध्ये चालते. नेदरलँड्समध्ये नेमून दिलेल्या जागेबाहेर झोपायला बंदी आहे. पोर्तुगालने २०२१ मध्ये नियम कडक केले आणि त्याच वर्षी थोडे सैल केले: संरक्षित क्षेत्रं आणि किनारपट्टी वगळून एका नगरपालिकेच्या हद्दीत जास्तीत जास्त ४८ तास. स्पेनमध्ये गाडी नुसती उभी असेल तर ते पार्किंग, छत्री, टेबल किंवा पायऱ्या बाहेर आल्या की कँपिंग. त्यावर दंड होतो. जागा शोधायला पार्क फॉर नाइट हे अ‍ॅप उपयोगी आहे, पण त्यातली सर्वांत ताजी प्रतिक्रिया वाचल्याशिवाय निघू नका. मोटरवेच्या विश्रांतीतळावर रात्र काढू नका. चोऱ्या तिथे होतात.

पाणी आणि शौचालयाचं काम सकाळी, निघण्याआधी. क्रम पक्का ठेवा. आधी सांडपाणी: गाडी जमिनीतल्या गटाराच्या जाळीवर नीट आणून नळी उघडायची. मग पिण्याचं पाणी, स्वतःच्या खाद्यदर्जाच्या नळीने, आणि नळ मिनिटभर वाहू देऊन. 'ओ नॉन पोताब्ल' किंवा 'काइन ट्रिंकवासर' अशी पाटी दिसली तर ते पाणी प्यायचं नाही. कॅसेट सगळ्यांत शेवटी, म्हणजे त्या हातांनी पाण्याची नळी धरावी लागत नाही. बाहेरचं दार उघडून साधारण अठरा लिटरची पेटी ओढून काढायची, तोंड खाली वळवायचं, आणि ओतताना हवा सोडणारं बटण अंगठ्याने दाबून धरायचं. बटण दाबलं नाही तर गचके बसून शिंतोडे उडतात. दोनदा विसळून थोडं पाणी आणि औषध घालून परत सरकवायची. कॅसेटजवळचा नळ फक्त विसळण्यासाठी. तिथल्या नळाच्या तोंडाला कितीतरी कॅसेटी लागलेल्या असतात. फ्रान्समधली पाण्याची काही यंत्रं जेटनवर, म्हणजे नाण्यासारख्या बिल्ल्यांवर, चालतात, ते पर्यटन कार्यालयात मिळतात, आणि दुपारी बारा ते दोन कार्यालय बंद असतं. तिघांना कॅसेट दोन दिवस पुरते, तिसऱ्या दिवसाची वाट पाहू नका.

विजेची जोडणी निळ्या, तीन पिनांच्या सीईई प्लगची असते. किती अँपिअर आहेत ते विचारा. ६ अँपिअर म्हणजे २३० व्होल्टवर १३८० वॅट. दोन हजार वॅटची किटली लावली की खटका पडतो आणि रात्री मालकाला उठवावं लागतं. केबल पूर्ण उलगडा, गुंडाळीत राहिली तर तापते.

गॅसच्या बाटल्या देशागणिक वेगळ्या. जर्मनीतली अकरा किलोची करडी बाटली फ्रान्स-स्पेनमध्ये बदलून मिळत नाही, म्हणून गाडी घेताना बाटली भरलेली आहे हे उचलून बघा. उन्हाळ्यात हीटर लागत नाही, त्यामुळे स्वयंपाकाला ती खूप पुरते. इंधन भरायला थांबण्याआधी गॅसवरचा फ्रिज बंद हवा.

पंपावर रंगावर जाऊ नका, चिन्ह बघा: डिझेलला चौकोनात बी ७, पेट्रोलला वर्तुळात ई ५ किंवा ई १०. स्पेनमध्ये 'गासोलिओ' हे डिझेल आणि 'गासोलिना' हे पेट्रोल. फ्रान्समध्ये सुपरमार्केटचे पंप मोटरवेवरच्यापेक्षा बरेच स्वस्त पडतात, आणि बऱ्याच ठिकाणी शेजारीच उघड्यावर कपडे धुण्याची मोठी यंत्रं असतात. इंधन, किराणा आणि धुणं एकाच थांब्यात उरकतं. जर्मनीत रविवारी सुपरमार्केट बंद, शनिवारीच भरून ठेवा.

टोल फ्रान्समध्ये उंचीवर ठरतो: दोन मीटरपर्यंत पहिला वर्ग, दोन ते तीन मीटर दुसरा. तीन मीटर ओलांडलं तर त्याहून महाग. स्वित्झर्लंडच्या मोटरवेला ४० फ्रँकची वार्षिक विन्येट (टोलचा परवाना) लागते, एका दिवसासाठी गेलात तरी. जर्मनीत साडेतीन टनांपर्यंत टोल नाही. शहरांत गाडी नेऊच नये असं माझं मत. जर्मनीतल्या कित्येक शहरांच्या मध्यभागी शिरायला गाडीच्या धुराच्या प्रदूषणाबाबतचं हिरवं स्टिकर लागतं, इटलीतल्या जुन्या भागांवर झेडटीएलचे, म्हणजे परवानगी नसलेल्या गाड्यांना बंदी असलेल्या भागाचे, कॅमेरे असतात आणि दंड भाडे कंपनीमार्फत, वर तिचं शुल्क लावून, काही महिन्यांनी घरी येतो. गाडी गावाबाहेर लावा आणि ट्रामने जा.

परतीची आदली रात्र परत करायच्या ठिकाणापासून तासाभराच्या अंतरावरच्या कँपिंगवर काढा. तिथेच दोन्ही टाक्या आणि कॅसेट रिकामी करा, फ्रिज पुसून दार उघडं ठेवा, वाटेत डिझेल भरा आणि पावती जपा. गाडी घेताना जसा छतासकट चारी बाजूंचा व्हिडिओ काढला होता तसाच देतानाही, दिवसाउजेडी, कर्मचारी शेजारी असताना काढा. अनामत रक्कम परत येईपर्यंत दोन्ही व्हिडिओ पुसू नका.