नदीकाठी मुलांचं शिबिर कसं घ्यावं: आधी बघणं, मग रंग

बोरिवलीतल्या मुलांना दहिसर नदीबद्दल विचारलं की बरीच जणं म्हणतात, "तो नाला का?" त्यांची चूक नाही, त्यांनी तिला भिंतींच्या मधूनच वाहताना पाहिलेलं असतं. ही नदी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात तुळशी तलावापाशी उगम पावते आणि सुमारे १२ किलोमीटर वाहत खाडीला मिळते. म्हणून आमच्या सोसायटीच्या मुलांचं शिबिर मी उद्यानातल्या वरच्या पात्राशी सुरू करते. दोन सकाळी नदीवर, एक गच्चीवर आणि शेवटची पुलावर.

परीक्षा संपल्या की लगेच तारखा धरा. सोमवारी उद्यान बंद असतं. गट मोठा असेल तर कुठे बसता येईल हे आत आधी विचारून घ्या आणि आदल्या आठवड्यात स्वतः जाऊन जागा बघून या. सावली कुठपर्यंत टिकते, मुलांना बसायला सपाट खडक आहेत का, डोह किती खोल आहे, हे फोनवरून कळत नाही. पाच मुलांमागे एक मोठं माणूस हवंच. ऊन चढायच्या आत सगळ्यांना सावलीत आणायचं, पाण्यात उतरू द्यायचं नाही आणि कुणालाही एकटं मागे राहू द्यायचं नाही, कारण हे बिबट्याचं जंगल आहे. डबे पिशवीत बंद राहू द्या. माकडांना प्लास्टिकच्या पिशवीची कुरकुर लांबूनही ऐकू येते.

एक नियम पहिल्याच दिवशी सांगून टाका: काठावरचं काहीही घरी न्यायचं नाही. एका वर्षी आमच्या मुलांनी शेंगा, पिसं, गोटे असं पिशव्या भरून जमवलं आणि परतताना गेटवर सगळं काढून ठेवावं लागलं. मुलं रडवेली झाली. चूक माझी होती, राष्ट्रीय उद्यानातून काही न्यायची मनाई असते हे मी आधी सांगायला हवं होतं. गोटे उचलून मनोरे रचणंही मी आता टाळते. त्या ओल्या दगडांखाली कुणाचं तरी घर असतं.

पहिल्या सकाळी रंग काढूच नका. प्रत्येकाला पुठ्ठा, कागद आणि पेन्सिल द्या आणि थोड्या अंतरावर बसवा. कागदाच्या मध्यभागी फुली मारायची, ती म्हणजे आपण. दहा मिनिटं गप्प बसायचं आणि ज्या दिशेने आवाज येईल तिकडे एक खूण काढायची. पक्ष्याचं चित्र नको, आवाजाची खूण. तांब्याच्या भांड्यावर ठोके पडावेत तसा तांबट पक्षी एकसुरी बोलत राहतो. एका आठ वर्षांच्या मुलीने त्याच्यासाठी ठिपक्यांची रांग काढायला घेतली, ती कागदाची कड आली तरी संपेना. शेवटी तिने पुठ्ठ्यावरही ठिपके काढले. पक्ष्याचं नाव तिला मी नंतर सांगितलं.

मग पाण्याशी. एप्रिलमध्ये धार बारीक होते आणि खडकांत उथळ डोह उरतात. त्यांवर लांब पायांचे किडे पाणी न मोडता चालत असतात. मुलांना किड्याकडे नाही, तळाकडे बघायला सांगा. किड्याचे पाय काडीसारखे, पण तळावरच्या सावलीत पायांच्या जागी मोठे काळे गोल दिसतात! पायाखाली पाण्याचा पृष्ठभाग ताणलेल्या कापडासारखा दबतो, खळगा पडतो आणि तिथून जाणारा प्रकाश बाजूला वळतो. कारण लगेच सांगू नका. आधी फक्त सावली काढू द्या. दुसऱ्या सकाळी हेच पुढे न्या, आणि जोडीला गळलेल्या पानांची पिवळ्यापासून गडद तपकिरीपर्यंत रांग लावून घ्या. फोटो काढायचा आणि पानं तिथेच सोडायची.

तिसऱ्या दिवशी सोसायटीच्या गच्चीवर, आवारातलीच पानं घेऊन, हळदीचे छाप काढा. शेवग्याची डहाळी किंवा जाळी पडलेलं पिंपळपान फार सुरेख उमटतं.

१. एक चमचा हळद चार मोठे चमचे सर्जिकल स्पिरिटमध्ये कालवा. हे काम मोठ्यांनी करायचं, गॅस आणि काडेपेटीपासून लांब. दहा मिनिटांनी वरचं पिवळं पाणी फडक्यातून गाळून घ्या. हळदीचा रंग साध्या पाण्यात नीट उतरत नाही.

२. जाड ड्रॉइंग पेपरवर ते ब्रशने सारखं लावा आणि सावलीत वाळवा. उन्हात वाळवलंत तर छाप आधीच बिघडेल.

३. पान ठेवून वर पारदर्शक प्लास्टिक घट्ट बसवा, क्लिपा लावा आणि कडक उन्हात तास-दोन तास ठेवा.

४. पान उचला. उघडा भाग फिका पडलेला असतो, झाकलेला पिवळाच राहतो. अर्धा कप पाण्यात चमचाभर खायचा सोडा विरघळवून कागदावर हलकेच फिरवा. पान तांबूस होऊन वर येतं.

या क्षणी मुलं ओरडतात, त्यांना ओरडू द्या. मग समजावा: हळदीतला रंग उन्हाने विरतो आणि सोड्याने तांबडा होतो. हळद आणि चुन्यापासून कुंकू करतात ते याच गुणावर. छाप वहीत मिटून ठेवायला सांगा, भिंतीवर लावला तर उडतो.

त्याच दुपारी कागदाचा लांब पट्टा गेरूने रंगवून ठेवा. तुळशी तलावापासून खाडीपर्यंतची नदी त्यावर तांदळाच्या पिठाने काढायची, वारली चित्रांत पांढरा रंग असाच येतो. त्रिकोण आणि वर्तुळांनी माणसं कशी उभी राहतात ते दाखवायला वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांची चित्रं दाखवा, त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. पण वारली लग्नात भिंतीवर काढतात तो देवीचा चौक मुलांना काढायला लावू नका. तो लग्नघरी सवाशिणींनी काढायचा असतो. मुलांनी आपण पाहिलेलंच काढावं: तांबटाचे ठिपके, गोल पायांची सावली, डबा पळवणारं माकड.

पट्ट्यावर नदीचा खालचा, वस्तीतला भाग कोरा ठेवा. चौथ्या सकाळी मुलांना वस्तीतल्या पुलावर न्या. इथलं पाणी सांडपाण्याचं आहे, हात लावायचा नाही, कठड्याआडूनच बघायचं. वास येतो म्हणून मुलं नाक धरतात. तरी पाच मिनिटं थांबा. मग कुणीतरी बोट दाखवतं, काळ्या पाण्यात बगळा उभा असतो. त्याच्यासाठी वाटीत थोडं पीठ राखून ठेवा.