१२५ सीसीची बाईक घेऊन व्हिंटेज मोटोक्रॉसला उतरताय? आधी हातात टेप घ्या

व्हिंटेज मोटोक्रॉस म्हणजे जुन्या बाईकची मातीच्या ट्रॅकवरची रेस. बाईक नंतर बघा, आधी क्लास, म्हणजे कुठल्या गटात धावायचं ते ठरवा. अमेरिकेत ही रेस अहर्मा (AHRMA) ही जुन्या बाईकच्या रेसची संघटना चालवते, तिचं रूलबुक दरवर्षी नवीन येतं, ते डाउनलोड करून चहा घेत निवांत वाचा, कारण छोट्या सीसीच्या बाईकचं नशीब इंजिनापेक्षा त्या पानांवर जास्त ठरतं. जुलैत ओहायोला मिड-ओहायो ट्रॅकवरच्या व्हिंटेज मोटरसायकल डेज या मेळाव्याला गेलात की दिसेल, शंभरचा क्लास वेगळा, स्पोर्ट्समन १२५ वेगळा, वर वयाचे क्लास वेगळे, चाळीशीच्या वरचे, पन्नाशी, साठी, सत्तरीसुद्धा, आणि त्यात पुन्हा नोव्हिस, इंटरमीडिएट, एक्सपर्ट. म्हणजे एकाच बाईकवर तुम्ही कुठे उतरता त्यावर तुमच्या शेजारी स्टार्टच्या गेटला कोण उभं राहणार ते ठरतं.

ढोबळ नियम असा की १९७४ पर्यंतचं मॉडेल, किंवा नंतरचं पण तेच डिझाइन असलेलं. सस्पेन्शनचा ट्रॅव्हल, म्हणजे चाक वर-खाली किती जातं ते, पुढे ७ इंच आणि मागे ४ इंच, त्याच्या वर नाही. हे ४ इंच फार महत्त्वाचे. १९७५ पासून सगळा खेळच बदलला, यामाहाने वायझेड बाईकला मागे दोनऐवजी एकच शॉक, म्हणजे मोनोशॉक आणला, सुझुकीची आरएम१२५ मागचे शॉक पुढे सरकवून आली, चाक एकदम जास्त वर-खाली व्हायला लागलं आणि आधीच्या बाईक एका सीझनमध्ये म्हाताऱ्या झाल्या. म्हणून रेघ बरोबर तिथेच ओढलीय. आरएम किंवा मोनोशॉक वायझेड हातात असेल तर पोस्ट-व्हिंटेजमधला क्लास बघा, इथे नका भांडू.

गावाकडचे मित्र हमखास विचारतात, आपली आरएक्स१००? हवेवर थंड होणारं इंजिन, दोन शॉक, ड्रम ब्रेक, दिसायला सगळं जुनंच. पण ती आपल्याकडे आली १९८५ ला आणि मुळात रस्त्याची गाडी आहे, तेव्हा ती पुण्यातच राहू द्या.

आता टेप. विकणारा म्हणेल "एकदम स्टॉक आहे", मान हलवायची आणि मोजायचं. मागचे शॉक काढा, स्प्रिंग उतरवा, शॉक नुसते परत लावा, अ‍ॅक्सल पूर्ण खालपासून पूर्ण वरपर्यंत किती जातो ते मोजा. पुढे फोर्कच्या स्प्रिंग काढून तसंच. पन्नास वर्षांत कुणीतरी लांब गॅस शॉक टाकलेले असतात, कुणी फ्रेमवरचं माउंट पुढे सरकवून वेल्डिंग मारलेलं असतं, वर रंग दिला की कळतही नाही. जास्त निघालं तर आत स्पेसर घालून कमी करता येतं, घाबरू नका, पण ते टेक इन्स्पेक्शनच्या, म्हणजे रेसआधीच्या तपासणीच्या रांगेत नाही, घरी करायचं. फ्रेम आणि इंजिनचे नंबर लिहून ठेवा, कार्ब्युरेटर गोल स्लाइडचा आहे का बघा, फूटपेग घडी होतात का, लिव्हरची टोकं गोल आहेत का, किल स्विच चालतो का, थ्रॉटल सोडल्यावर स्वतःहून खटकन बंद होतो का.

बाईक अजून घ्यायची असेल तर माझं मत. १२५ मध्ये होंडा एल्सिनोर सीआर१२५एम, १९७४ ची, सगळ्यात सरळ उत्तर. साधारण ८० किलो वजन, सहा गिअर, ५६ बाय ५० चा बोअर-स्ट्रोक, पार्ट अजून मिळतात. अमेरिकेत १२५ ची नॅशनल चॅम्पियनशिप १९७४ लाच सुरू झाली आणि पहिल्या दोन्ही वर्षी मार्टी स्मिथने होंडावर मारली, त्याआधी १२५ म्हणजे पोरांचं खेळणं समजायचे. पण एल्सिनोर पिस्टन पोर्ट आहे, म्हणजे मिक्श्चर आत घ्यायचं पोर्ट पिस्टनच उघडतो-बंद करतो, रीड व्हॉल्व्ह नाही, पॉवर वरच्या आरपीएमला एकदम येते आणि खाली काहीच नसतं. पेंटन सिक्स-डे १२५ ला इतिहास आहे, जॉन पेंटन ओहायोचाच, बाईक ऑस्ट्रियात केटीएमकडून बनवून घेतली, चालवायला गोड, फक्त सॅक्स इंजिनच्या गिअरबॉक्समध्ये गिअर टाकताना मधेच न्यूट्रल सापडतो आणि तो नेमका जंपच्या तोंडाशी सापडतो, सिलेक्टर नीट सेट करणारा माणूस ओळखीत असेल तरच घ्या. शंभरमध्ये होडाका सुपर रॅट, स्वस्त, गमतीशीर, आणि त्या क्लासचे लोकही जरा सुखी असतात. तिच्या क्रोम बोअरच्या (आतून क्रोमचा थर दिलेल्या) सिलिंडरला रिबोअर होत नाही, क्रोम उडालेला असेल तर प्लेटिंग किंवा स्लीव्ह, तो खर्च किमतीतून वजा करूनच बोला.

स्पर्धेत टिकेल का, हा खरा प्रश्न. वीसेक हॉर्सपॉवरच्या बाईकवर नव्वद किलोचा माणूस बसला की स्टार्टला मागे पडणारच, सरळ चढावर अजून मागे. पण व्हिंटेज ट्रॅकवर मोठे जंप नसतात, वळणं आणि खड्डे असतात, आणि काही लॅपनंतर पाचशेवाल्याचे हात जड होतात तेव्हा १२५ वाला अजून बाईक उचलून फेकत असतो. एका मोटोत (रेसच्या एका फेरीत) दोन-तीन क्लास एकत्र सोडतात तेव्हा हे मजेशीर दिसतं. त्यामुळे पैसे पॉवरवर घालू नका. पोर्टिंग करून, म्हणजे सिलिंडरची पोर्ट कोरून आणायची आपल्याला भारी हौस, पण पॉवरबँड, म्हणजे पॉवर मिळणारा आरपीएमचा टप्पा अजून अरुंद झाला की वळणातून बाहेर पडताना बाईक झोपते. पैसे चांगल्या शॉकवर, फोर्कच्या सीलवर आणि तेलावर, ब्रेक शू ड्रमला घासून बसवण्यावर, आणि गिअरिंगवर घाला. पुढच्या स्प्रॉकेटचा, म्हणजे चेनच्या दातेरी चाकाचा, एक दात कमी करणं म्हणजे मागच्याचे साधारण तीन-चार दात वाढवणं, तर दोन-तीन पुढचे स्प्रॉकेट खिशातच ठेवा. मागचं नॉबी (मातीसाठीचं गोट्यांचं टायर) जास्त रुंद घेऊ नका, जुन्या स्विंगआर्मला आणि चेनला घासतं.

इंजिनचं एकच काम अजिबात टाळू नका, क्रँकशाफ्टच्या दोन्ही टोकांचं रबरी क्रँक सील. वर्षानुवर्षं उभी राहिलेली टू-स्ट्रोक, रबर दगड झालेलं, मॅग्नेटोकडचं सील हवा ओढतं, मिक्श्चर लीन होतं (पेट्रोल कमी, हवा जास्त) आणि फुल थ्रॉटलला पिस्टन सीझ. क्लचकडचं गेलं तर गिअर ऑइल जाळून पांढरा धूर. इनटेक आणि एक्झॉस्ट बंद करून पाच-सहा पीएसआय प्रेशर द्या, काही मिनिटं टिकतं का बघा, नाही टिकलं तर साबणाचं पाणी लावून गळती शोधा. हे झाल्याशिवाय जेटिंगला, म्हणजे कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल ठरवणारे जेट बदलायला हात लावू नका, नाहीतर गळतीला जेटने झाकत बसाल. आजचं सिंथेटिक ऑइल ३२:१ ला (३२ भाग पेट्रोल, एक भाग ऑइल) बरेच जण चालवतात, ताजं पेट्रोल, मिक्स केल्याची तारीख डब्यावर.

शेवटी ट्रेलरमध्ये: क्लच केबल, थ्रॉटल केबल, चेनचे मास्टर लिंक, मेन जेट दोन नंबर मोठे दोन लहान, प्लग, ट्यूब, सेफ्टी वायर, नंबर प्लेट आणि क्लासप्रमाणे त्याचे रंग, चालू तारखेचं हेल्मेट, गुडघ्यापर्यंतचे बूट, मेंबरशिप कार्ड. सकाळच्या प्रॅक्टिसनंतर प्लग काढून बघा, पांढराफट दिसला तर पहिल्या मोटोच्या आधी मेन जेट एक नंबर मोठा टाका, आणि एक्झॉस्टच्या स्प्रिंग जागेवर आहेत का ते हात लावून बघा, पाइप गार झाल्यावर.