बालवृंदासाठी गाणी निवडताना

स्नेहसंमेलनाची तारीख ठरली की गाण्यांची यादी दोन दिवसांत तयार होते. पाच गाणी, पाच भाषा. पण पाचही केरवा तालात, पाचही खड्या आवाजात आणि पाचही एकाच पट्टीत. माझ्या मते गाणी वेगळी तेव्हाच, जेव्हा प्रत्येक गाणं मुलांच्या गळ्याकडे आणि कानाकडे काहीतरी नवं मागतं.

म्हणून आधी पेटी घेऊन बसा, एकेका मुलाला जवळ बोलवा आणि त्याचा गळा कुठून कुठपर्यंत सहज जातो ते वहीत लिहा. पेटीवरच्या पांढरी एकचा (पाश्चात्त्य C) सा धरला तर आठ-नऊ वर्षांची बहुतेक मुलं मध्य सा ते तार सा मोकळेपणी गातात. मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात, उतरवलं की आवाज दबतो आणि ती ओरडून भरपाई करतात. बारा ते चौदा वर्षांच्या मुलग्यांसाठी वेगळं पान ठेवा, आणि दर महिन्याला ते पुन्हा तपासा. आवाज फुटत असलेल्या मुलाला ‘तू नुसते ओठ हलव’ असं कुणीही कधीही सांगू नये. तो पुन्हा गायला येत नाही. त्याच्यासाठी यादीत पोवाडा ठेवा. शाहिराच्या मागून साथ देणाऱ्या झीलकऱ्यांचं ‘जी जी रं जी’ मोजक्या सुरांत बसवता येतं, खालच्या सप्तकातही शोभतं, आणि त्याच्यावाचून पोवाडा उभाच राहत नाही.

एक गाणं असं हवं, ज्यात दोन गट एकमेकांच्या मागून गातात: पहिल्याने ओळ सुरू करायची, दुसऱ्याने चार किंवा आठ मात्रांनंतर तीच ओळ उचलायची. यासाठी भूप रागातली चाल शोधा. भूपात म आणि नी नसल्यामुळे अर्ध्या सुराच्या अंतरावरचे दोन सूर त्यात येतच नाहीत. ओळी एकमेकींवर चढल्या तरी कानाला टोचत नाही. पहिल्यांदा हे जमतं तेव्हा मुलं गाता गाता एकमेकांकडे बघायला लागतात. हंगेरीचे संगीतकार झोल्तान कोदाय यांनी शाळकरी मुलांना दोन आवाजांत गायला शिकवताना लोकगीतांतल्या पाच सुरांचाच आधार घेतला. तिथल्या जुन्या लोकगीतांत आढळणारे पाच सूर आपल्या धानी रागाचे आहेत, त्यामुळे त्यांची दोन आवाजांतली एखादी छोटी रचना आपल्या मुलांना परकी वाटत नाही.

दोन आवाजांत गाण्याची दुसरी पायरी गोव्यात सापडते. मांडो या तिथल्या कोंकणी गीतप्रकारात दोन आवाज सा-ग, रे-म अशा अंतराने जोडीने चालतात, सोबत घुमट हे मातीचं तालवाद्य आणि व्हायोलिन. मांडोतलं प्रेम आणि विरह मोठ्यांचा असतो, तेव्हा मांडो किशोरांना द्या. लहानांना दुलपद हा चटपटीत गीतप्रकार द्या. कोंकणी उच्चारांसाठी मात्र घरात कोंकणी बोलणारं माणूस तालमीला बोलवा.

पाश्चात्त्य रचना घ्यायची असेल तर एकच घ्या, पण खास कोवळ्या आवाजांसाठी लिहिलेली. इंग्रज संगीतकार बेंजामिन ब्रिटन यांनी 1942 मध्ये मुलांचे आवाज आणि हार्प हे तंतुवाद्य यांच्यासाठी कॅरोलची, म्हणजे नाताळगीतांची, एक माळ रचली. त्यातली एखादी पियानोवरही होते. अशा रचनेत लॅटिन शब्द आले तर घाबरू नका. तिथले स्वर आपल्या आ, ए, इ, ओ, उ यांच्या इतके जवळचे आहेत की इंग्रजीपेक्षा लॅटिनच मुलांच्या तोंडात लवकर बसतं.

ताल मोजून बघा: केरवा एकदा, दादरा एकदा, सात मात्रांचा रूपक एकदा, आणि एक गाणं ठेक्याशिवाय, नुसत्या तंबोऱ्यावर. निदान एक गाणं हळू आवाजातलं हवंच. ते सगळ्यात अवघड, म्हणून त्याची तालीम सगळ्यात आधी सुरू करा.

हक्कांचंही बघून घ्या. साने गुरुजी 1950 मध्ये गेले. कवीच्या निधनानंतरची 60 वर्षं उलटल्यामुळे ‘खरा तो एकची धर्म’चे शब्द मोकळे आहेत, पण नव्याने बांधलेली चाल संगीतकाराची असते. छापील स्वरलिपीच्या झेरॉक्स वाटू नका. लागतील तेवढ्या प्रती विकत घ्या आणि तो खर्च अंदाजपत्रकात आधीच धरा.

यादी पक्की करण्याआधी प्रत्येक गाणं पंधरा मिनिटं मुलांसोबत गाऊन बघा आणि श्वास कुठे तुटतो तिथे खूण करा. एखादं गाणं गाता गाता सुरातून सारखं खाली उतरत असेल तर मुलांना दोष देण्याआधी पट्टी अर्ध्या सुराने वर घ्या.